लहान मुलांवरील हस्तोपचार आणि त्यांची नोंद

पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव नांवाचें स्थानक आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें हें नांव महाराष्ट्राबाहेरहि पोंचलें. परंतु भोंवतालच्या शेतकऱ्यांस तें उसाचें व गुऱ्हाळांचें गांव म्हणूनच अधिक परिचयाचें. अशा गांवांत सहा-सात वर्षांचें मूल उसाच्या गाडीवरून किंवा बांधावरच्या चिंचेवरून खालीं येतें, हात टेकून पडल्यामुळें कोपर सुजतें, आणि घरांत एकच प्रश्न उभा राहतो : याला आतां कोठें न्यावयाचें? यवतला व दौंडला सरकारी रुग्णालय आहे, पुण्यास ससून आहे. पण हाडवैद्य दोन कोसांवर आहे. तो रात्रींहि दार उघडतो, पैशांसाठीं अडून बसत नाहीं, आणि 'शस्त्रक्रिया करावी लागेल' हे शब्द त्याच्या तोंडून कधीं निघत नाहींत. शिवाय आजी सांगते, "तुझ्या बापाचा हातसुद्धां त्यांनींच बसविला होता, बघ, आज नांगर धरतो कीं नाहीं?" आजीचें म्हणणें खोटें नसतें. अडचण एवढीच कीं, ज्याचा हात बसला नाहीं तो मुलगा आजीच्या हिशेबांत आलेलाच नसतो.

पोटांत औषध न देतां केवळ हातानें दाबून, ओढून, चोळून, वळवून अथवा झटका देऊन जे उपचार केले जातात, त्यांस येथें सोयीसाठीं हस्तोपचार म्हटलें आहे. महाराष्ट्रांत त्यांचे प्रकार पुष्कळ. मोडलेलें हाड बसविणारा हाडवैद्य हा त्या सर्वांत प्रतिष्ठित. तालमींतला वस्ताद हा त्याचा चुलतभाऊच म्हणावयाचा. पैलवानांचे निखळलेले खांदे बसवितां बसवितां त्याचा हात तयार झालेला असतो. पाठींत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाकडून, म्हणजे जो जन्मतांना पायांकडून बाहेर आला त्याच्याकडून, पाठीस पाय लावून घेण्याची रीत अद्यापि गेलेली नाहीं. बाळंतिणीच्या घरीं तेल लावावयास येणारी बाई बाळाचे हातपाय उलटसुलट ताणते, नाक ओढून सरळ करते, डोकें दाबून वाटोळें करूं पाहते, आणि कोठें कोठें न्हाऊं घातल्यावर बाळास पायांनीं उलटें धरून हलविण्याचीहि चाल आहे. आईच्या शरीरांतील रसांचा परिणाम म्हणून कांहीं नवजात बालकांच्या छातींत, मुलगा असो कीं मुलगी असो, दुधासारखा द्रव येतो. तो आपोआप जिरतो. पण तो पिळून काढला तर तेथें पू होतो, हें बालरोगवैद्यांस चांगलें ठाऊक आहे.

यांतील सर्वच निंद्य आहे असें मात्र कोणीं समजूं नये. हलक्या हातानें तेल लावण्यानें बाळास ऊब मिळते, झोंप लागते, आणि आईचा किंवा आजीचा स्पर्श त्यास हवाच असतो. मूल कडेवर घेण्याची आपली रीत तर शास्त्रास पूर्णपणें मान्य आहे. कडेवर बसलेल्या मुलाच्या मांड्या फांकलेल्या राहतात, त्यामुळें मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटींत नीट बसतो. आणि ज्या समाजांत मुलें अशीं वागवितात त्यांत खुबा सरकण्याचा विकार कमी आढळतो. उलटपक्षीं पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळून ठेवण्यानें तोच विकार बळावतो. तेव्हां जुनें तेवढें वाईट व नवें तेवढें चांगलें, असा हा वाद नाहीं.

नवें म्हणून जें आतां मोठ्या शहरांतून येत आहे त्याचेंहि मूळ पाहण्यासारखें आहे. मणक्यांस झटका देऊन रोग बरे करण्याच्या पद्धतीस कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ग्रीक भाषेंतील या नांवाचा अर्थ 'हातानें केलेलें' एवढाच. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत डेव्हनपोर्ट येथें डॅनियल डेव्हिड पामर नांवाच्या गृहस्थानें १८९५ सालीं ती काढली. पामर हा कांहीं काळ शाळामास्तर होता, कांहीं काळ वाणी होता, आणि नंतर चुंबकशक्तीनें रोग हटविण्याचा धंदा करीत होता. हार्वे लिलार्ड नांवाच्या एका माणसाच्या पाठीचा मणका दाबल्यानें त्याचा बहिरेपणा गेला, असा त्याचा दावा होता. कानाची नस पाठीच्या मणक्यांतून जात नाहीं. पण त्या दाव्यावर एक मोठा पंथ उभा राहिला. पुढें त्या पंथांत शिक्षण आलें, परीक्षा आल्या, कित्येक देशांत कायद्याची मान्यताहि आली, आणि प्रौढांच्या कंबरदुखीवर तिचा कांहीं उपयोग होतो असें निष्पन्न झालें. भारतांत या पद्धतीसाठीं स्वतंत्र वैधानिक परिषद नाहीं. तरी मुंबई-पुण्यास असे दवाखाने निघाले आहेत, आणि मानेस झटका देतांच 'कट्' असा आवाज होऊन रोगी हसूं लागतो अशीं चित्रें खेड्यांतल्या दूरध्वनियंत्रांवरहि पोंचलीं आहेत. हा आवाज सरकलेलें हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यांतील द्रवावरचा दाब एकाएकीं कमी झाला म्हणजे त्यांत वायूची पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज. बोटें मोडतांना होतो तोच. मुलांच्या बाबतींत खरी भीति अशी कीं, हीं चित्रें पाहून एकादा हौशी मनुष्य तोच प्रयोग पाळण्यांतील बाळावर करूं लागेल.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, ही गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे. जन्मतः बाळाचें डोकें त्याच्या एकंदर लांबीच्या सुमारें चौथ्या हिश्श्याएवढें असतें. मोठ्या माणसाचें तें आठव्या हिश्श्याच्या आसपास असतें. एवढें जड डोकें ज्या मानेवर असतें तिचे स्नायू दुबळे, बंध सैल, आणि मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचा बराच भाग कूर्चेचा असतो. प्रौढाची मान वांकते तेव्हां जोर मानेच्या खालच्या मणक्यांवर येतो. अर्भकाच्या बाबतींत तो अगदीं वरच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांपाशीं येतो, आणि श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या नसांचीं मुळें तेथून दूर नाहींत. म्हणून क्ष-किरणांच्या छायाचित्रांत एकहि हाड मोडलेलें दिसूं नये आणि तरी आंतील मज्जारज्जूस इजा झालेली असावी, असा विपरीत प्रकार मुलांत घडूं शकतो.

हातापायांच्या हाडांची रचनाहि निराळी. प्रत्येक लांब हाडाच्या टोंकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांबीस वाढतें तें तेथून. उसाच्या कांडीस पेर असतें व तेथून ती वाढते, तशांतलाच हा प्रकार. ही चकती चेंगरली अगर सरकली तर त्या दिवशीं सूज व दुखणें एवढेंच दिसतें, पंधरा दिवसांत मूल खेळूं लागतें, आणि हाडवैद्याचा व घरच्यांचा निरोप गोड होतो. हाताचें वांकडेंपण किंवा पायाचें आंखूडपण दिसूं लागतें तें दोन-चार वर्षांनीं. तोंवर त्या पडण्याची व त्या पट्ट्यांची आठवणहि राहिलेली नसते.

दुसऱ्या बाजूनें निसर्ग मुलांवर फार प्रसन्न असतो. ओली फांदी वांकवली तर ती एका अंगानें चिरते, तुटत नाहीं; मुलांच्या मनगटाजवळचीं हाडें पुष्कळदां अशींच चिरतात. तीं कोणींहि साध्या काम्ब्यांनीं बांधलीं तरी तीन ते सहा आठवड्यांत जुळून येतात, आणि थोडें वांकडें जुळलेलें हाडहि वाढीबरोबर बरेंचसें सरळ होतें. हाडवैद्याच्या कीर्तीचा मोठा भाग या ओल्या फांदीवर उभा आहे. तान्ह्या बाळाच्या रडण्याचेंहि असेंच. पोटांत दुखतें म्हणून सायंकाळीं तास-तास रडणारें बाळ सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत अधिक रडतें, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत तें रडणें आपोआप थांबतें. आईबाप उपचार शोधूं लागतात ते नेमके सहाव्या आठवड्यांत! तेव्हां पोट चोळणारी बाई असो, अंगारा देणारा भगत असो कीं मणके दाबणारा तज्ज्ञ असो, यश ठेवलेलेंच. या रडण्यावरील हस्तोपचारांच्या प्रयोगांचा आढावा २०१२ सालीं घेण्यांत आला. एकंदर प्रयोगांवरून रडणें कांहींसें कमी होतें असें दिसलें. परंतु ज्या प्रयोगांत आपल्या बाळावर खरा उपचार झाला कीं नाहीं हें आईबापांस कळूं दिलें नव्हतें, तेवढेच वेगळे काढले असतां तो फरक भरंवशाचा उरला नाहीं.

यश असें फुकट मिळतें, अपयश मात्र फार महाग पडतें. कोपराच्या किंचित् वर दंडाचें हाड मोडणें ही पांच ते सात वर्षांच्या मुलांत नेहमींची इजा. त्या ठिकाणीं हातास रक्त नेणारी मोठी धमनी हाडास लागूनच जाते. सुजलेल्या कोपरावर काम्ब्या घट्ट आंवळल्या, कीं आंतली सूज वाढते, बाहेरचा पट्टा सैल होत नाहीं, आणि मधले स्नायू रक्तावांचून गुदमरतात. सुमारें सहा तासांत ते मरूं लागतात. जर्मन शस्त्रवैद्य रिचर्ड फॉन फोल्कमान यानें १८८१ सालीं या विकाराचें वर्णन केलें, आणि तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो : हात जिवंत राहतो, पण बोटें पंज्यासारखीं आंत वळून कायमचीं आंखडतात. त्याहून वाईट म्हणजे हात काळा पडून कापावा लागणें. भारतांतील रुग्णालयांस हें दृश्य नवें नाहीं. याची पूर्वसूचना सोपी आहे. बांधल्यानंतर दुखणें कमी होण्याऐवजीं वाढत जाणें, बोटें थंड किंवा फिकीं पडणें, बधिर होणें, आणि बोट हळूच सरळ करतांच मुलानें किंचाळणें. यांपैकीं कांहींहि दिसलें तर पट्टा तत्काळ सोडावा व सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पट्टा सोडला म्हणून हाडवैद्य रागावेल, ही भीड येथें धरूं नये. याच कोपराची सूज उतरावी म्हणून ती रोज तेल लावून जोरानें चोळली, तर स्नायूंतच नवें हाड धरूं लागतें व सांधा कुलूप लागल्याप्रमाणें बंद होतो, हेंहि सांगून ठेवलें पाहिजे.

पाठीच्या बाबतींत आपल्या देशांत एक विशेष धोका आहे. क्षयरोग मणक्यांतहि होतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि आजहि आपल्याकडे मुलांच्या पाठीच्या दुखण्यांत त्याचा संशय मनांत धरावाच लागतो. मूल पाठ ताठ ठेवून चालूं लागतें, खालीं पडलेली वस्तु पाठ न वांकवितां गुडघ्यांत बसून उचलतें, रात्रीं दचकून रडतें, अंग बारीक होतें, सायंकाळीं थोडा ताप येतो. घरचे म्हणतात, चमक भरली. अशा किडलेल्या मणक्यावर कोणीं पाय दिला किंवा झटका दिला, तर दोन्ही पाय लुळे पडण्याचा प्रसंग येऊं शकतो. वास्तविक वेळींच ओळखलेला हा रोग औषधांनीं बरा होतो, आणि तीं औषधें सरकार विनामूल्य देतें. तान्ह्या बाळाचा एक पाय हलेनासा झाला, तर तो 'आंखडला' म्हणून चोळण्यापूर्वीं सांध्यांत पू तर झाला नाहीं ना, हें पाहणें प्राप्त आहे. बाळाची टाळू खोल गेली असेल तर ती वर उचलण्याचा खटाटोप न करतां जुलाब किंवा वांत्या झाल्या काय हें विचारावें. तेथें पाणी कमी पडलेलें असतें, हाड नव्हे. हाताचा अपाय नेहमीं हातानेंच होतो असें नाहीं. पुष्कळदां तो हातानें घालविलेल्या वेळामुळें होतो.

आतां मुख्य प्रश्न : असे अपाय किती होतात? येथें गणिताचा प्राथमिक नियम आड येतो. अपूर्णांकास अंश लागतो व छेद लागतो. किती मुलांस इजा झाली हा अंश. एकंदर किती मुलांवर उपचार झाले हा छेद. रुग्णालयांतील शस्त्रवैद्यास फक्त अंश दिसतो, म्हणून तो म्हणतो, हे सारे लोक घातकी आहेत. हाडवैद्यास फक्त छेद दिसतो, कारण बिघडलेलें मूल त्याच्याकडे परत येत नाहीं, तें पुण्यास जातें. म्हणून तो म्हणतो, चाळीस वर्षांत एकहि हात वांकडा गेला नाहीं. दोघेहि प्रामाणिक असूं शकतात, आणि दोघांजवळहि अपूर्णांक पुरा नाहीं.

औषधांच्या बाबतींत ही उणीव भरून काढण्यास जगास मोठी किंमत द्यावी लागली. थॅलिडोमाइड नांवाचें झोंपेचें औषध गर्भिणींस दिल्यानें हजारों बालकें आंखूड हातापायांचीं जन्मलीं. १९६१ सालीं जर्मनींत लेंझ व ऑस्ट्रेलियांत मॅक्ब्राइड या डॉक्टरांनीं त्याकडे लक्ष वेधलें, आणि मग औषधांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची योजना १९६८ सालची. भारतांत २०१० सालीं राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचें केंद्र गाझियाबाद येथें आहे, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर सामान्य माणूसहि विनाशुल्क तक्रार नोंदवूं शकतो. लसीनंतर कांहीं त्रास झाला तर त्याची नोंद करण्याची निराळी व्यवस्था आहे. आयुर्वेदादि पद्धतींच्या औषधांसाठींहि २०१८ पासून तशी योजना आहे. परंतु या साऱ्या वह्या गोळी, काढा, सुई व उपकरणें यांच्या. हाताची वही कोठेंच नाहीं. हातास वेष्टन नसतें, त्यावर घटक छापलेले नसतात, आणि किती जोर दिला हें मोजण्यास माप नसतें.

परदेशांत या दिशेनें जो थोडा प्रयत्न झाला तो उद्बोधक आहे. कॅनडांतील सुनीता व्होरा व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं मुलांच्या मणक्यांवरील हस्तोपचारांविषयीं तोंवर प्रसिद्ध झालेलें सारें वाङ्मय चाळलें. प्रत्यक्ष अपायाचीं चौदाच उदाहरणें हातीं लागलीं. त्यांत नऊ गंभीर होतीं, मेंदूभोंवतीं रक्तस्राव व पाय लुळे पडणें यांसारखीं. आणखी वीस उदाहरणांत खरा रोग ओळखण्यास उशीर झाला होता किंवा नको तेथें उपचार केला होता; मधुमेह, मेंदूच्या आवरणाचा दाह, कर्करोग अशा मुलांचे मणके दाबण्यांत दिवस गेले होते. उशिराचीं उदाहरणें प्रत्यक्ष इजेहून अधिक निघालीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पण चौदा हा आंकडा समाधानाचा कीं काळजीचा? छेद ठाऊक नसल्यामुळें तें कोणासच सांगतां येईना.

म्हणून पुढें त्याच मंडळींपैकीं कांहींनीं एक निराळाच प्रयोग केला, त्याचा वृत्तांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. मुलांवर कायरोप्रॅक्टिक उपचार करणाऱ्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटास सांगितलें, कांहीं त्रास झालेला आढळला तर कळवा. दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाच्या पालकांस उपचारापूर्वीं व नंतर प्रश्नपत्रिका दिली. पहिल्या गटांत हजारीं एक त्रास नोंदला गेला; दुसऱ्यांत शंभरीं जवळजवळ नऊ. उपचार तोच, मुलें तशींच. फरक केवळ विचारण्याचा. नोंदलेले बहुतेक त्रास सौम्य होते, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. वर्गांत 'ज्यानें गृहपाठ केला नाहीं त्यानें उभें राहावें' असें म्हटलें तर उभे राहणारे किती, आणि एकेकाची वही तपासली तर सांपडणारे किती, याचा अनुभव ज्यांस आहे त्यांस या निष्कर्षाचें नवल वाटणार नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील हकीकत याहून गाजली. मेलबोर्न येथील एका व्यावसायिकानें दोन आठवड्यांच्या बाळास पायांनीं उलटें धरल्याचें चलच्चित्र २०१९ च्या आरंभीं लोकांपुढें आलें व एकच गिल्ला झाला. (आपल्याकडे हेंच दृश्य न्हाणीघरांत रोज घडतें, तेथें चित्र घेण्यास कोणी नसतें एवढेंच.) व्हिक्टोरिया प्रांताच्या सरकारनें बारा वर्षांखालील मुलांपुरती चौकशी नेमली, आणि तेथील कायरोप्रॅक्टिक मंडळानें तोंवर दोन वर्षांखालील मुलांचे मणके दाबूं नयेत असें फर्माविलें. वीस हजारांहून अधिक पालकांनीं चौकशीपुढें आपले अनुभव पाठविले, आणि त्यांतील जवळजवळ सारे संतुष्ट होते. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला कीं, त्या देशांत गंभीर अपायाचा पुरावा फारच थोडा. पण उपयोगाचा पुरावाहि तितकाच दुबळा. तेव्हां पोटदुखीचें रडणें, दमा, अंथरूण ओलें करणें, कान फुटणें, वर्तनाचे दोष अशा कारणांसाठीं बारा वर्षांखालील मुलांवर हा उपचार करूं नये, अशी शिफारस झाली. २०२३ च्या अखेरीस मंडळानें बंधन सैल केलें. २०२४ च्या जूनमध्यें आरोग्यमंत्र्यांच्या आग्रहावरून तें पुन्हां घालावें लागलें. संतुष्ट पालकांची संख्या हा सुरक्षिततेचा पुरावा कां नव्हे, हें आजीच्या वाक्यावरून पूर्वींच ध्यानांत आलें असेल.

महाराष्ट्रांत जो अपाय डाग ठेवून जातो तो मोजला जातो. मेळघाटांत आजारी बाळाच्या पोटावर तप्त लोखंडानें चटके देण्याची 'डंभा' नांवाची प्रथा आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत चिखलदरा तालुक्यांतील सिमोरी येथील २२ दिवसांच्या बाळास असे ६५ चटके दिल्याचें उघड झालें, कारण बाळ रुग्णालयांत आलें आणि व्रण मोजतां आले. चोळण्याला, ओढण्याला, झटक्याला व्रण नाहीं.

कायद्याचा आधार नाहीं असें नव्हे. नोंदणी नसतांना वैद्यक व्यवसाय करणें महाराष्ट्र वैद्यक व्यावसायी अधिनियम, १९६१ अन्वयें गुन्हा आहे. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठींहि २००२ च्या कायद्यानें राज्यांत परिषद झाली. पण हाडवैद्याच्या दारीं शिपाई उभा केला तर हाडवैद्य मागच्या दारानें मूल तपासील, आणि आज त्याच्याविषयीं जें थोडें कळतें तेंहि कळेनासें होईल. त्याला पट्टा सैल बांधण्यास शिकविणें, कोपर व मान यांस हात न लावतां मूल पुढें पाठविण्याची संवय लावणें, आणि पाठविलेल्या मुलाचें पुढें काय झालें तें रुग्णालयानें त्याला उलट कळविणें, हा मार्ग अधिक फलदायी दिसतो. रुग्णालयांत त्याचें नांव निघतांच त्याचा उद्धार होतो, हें त्याच्याहि कानीं गेलेलें असतें. मग तो मूल पाठवील कशाला?

नोंदीसाठीं नवें खातें उघडण्याची गरज नाहीं. गांवांतली आशा कार्यकर्ती २०११ पासून नवजात बाळाच्या घरीं जाते; दवाखान्यांत बाळंतपण झालें असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं. बाळाचें वजन, ताप, बेंबी ती पाहतेच. तिनें त्या वेळीं एवढेंच विचारावें कीं, बाळाला तेल कोण लावतें, उलटें धरतात काय, छाती पिळतात काय, आणि त्यानंतर बाळ दूध कमी पिऊं लागलें किंवा एकादा हात-पाय हलवीनासें झालें काय. प्रश्न दरडावून विचारला तर उत्तर 'नाहीं' असेंच येईल. सुनेपेक्षां सासूस, आणि तेंहि कौतुकानें विचारलें तर खरें कळेल. मोठ्या मुलांसाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें आहेत. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच राज्यांत पालघर येथें सुरू झाला. अंगणवाडींतील मुलें वर्षांतून दोनदां व शाळेंतील एकदां तपासावयाचीं अशी त्याची योजना आहे. वांकडें पाऊल व सरकलेला खुबा त्यांच्या यादींत आहेतच. वर्गांतील मुलांस दोन्ही हात सरळ पुढें धरावयास सांगितलें, तर ज्याचें कोपर पुरतें उघडत नाहीं तो मुलगा तेथेंच दिसतो. मग कधीं पडला, कोणीं बांधलें, किती दिवस दुखलें, हें विचारून पटावर दोन ओळी लिहिण्यास पांच मिनिटें लागतात. ज्याचा हात नीट जुळला त्याचीहि ओळ लिहिली पाहिजे. नाहीं तर छेद पुन्हां हरवला.

केडगांवच्या बाजूस या हिशेबांत एक जागा रिकामीच राहण्याचा संभव आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि बीड-नगरकडील कुटुंबें मुलाबाळांसह शेताकडेच्या कोप्यांत उतरतात. मुलें गाड्यांभोंवतीं खेळतात, मोळ्यांवर चढतात, पडतात. कांहीं बाळें तर कोपींतच जन्मतात. त्यांचें नांव ज्या आशेच्या वहींत असावयाचें ती दूर मूळ गांवीं असते, आणि येथल्या वहींत तें चढविण्यापूर्वींच टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. कोपींतल्या बाळास तेल लावावयास शेजारच्या कोपींतली बाई येते. तिसऱ्या दिवशीं कोणी आलें नाहीं, सातव्याहि दिवशीं आलें नाहीं, तरी गाड्या भरावयाच्या राहत नाहींत.